‘आळशी, हट्टी, भाषा अशुद्ध’

पत्र

मी नाशिकच्या सिडकोतल्या एका शाळेत चौथीला शिकवते. पहिल्या सत्राची प्रगतिपत्रकं दिली. एका मुलाच्या ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मी लिहिलं होतं : आळशी, हट्टी, भाषा अशुद्ध. खरं तर तो तोंडी पटापट सांगतो, पण लिहायची वेळ आली की वही अर्धी कोरी. गटात बसवलं की आपलंच खरं करतो. घरची मंडळी सटाण्याकडची, घरात अहिराणी बोलतात.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ती अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. म्हणाली, “बाई, हे वाचून त्याच्या पप्पांनी त्याला पट्ट्यानं मारलं. तो काय करत नाही ते सांगा ना, मी घेऊन बसते त्याला. पण आळशी म्हणजे मी काय करू?” मला काही बोलता आलं नाही. शाळेतल्या मॅडम म्हणतात, मनावर घेऊ नका, पुढच्या वेळी ‘सुधारणेस वाव आहे’ असं लिहून मोकळ्या व्हा.

घरी माझी तऱ्हा वेगळीच. सासूबाई मनानं वाईट नाहीत. पण एकदा दूध उतू गेलं, एकदा किल्ली आत राहिली, तेव्हापासून कुणीही आलं की “आमची सून म्हणजे एक नंबरची वेंधळी” असं सुरू होतं. सगळे हसतात, मीही हसते. रात्री मात्र तेच डोक्यात घोळत राहतं. मी त्या मुलाचं हेच केलं का? दोष दिसला तरी सांगायचाच नाही का? आणि आपल्याला कुणी सांगितला तर किती मनावर घ्यायचा?

एक शिक्षिका, सिडको, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या निम्म्या पत्राचं उत्तर त्या आईनंच देऊन ठेवलंय. “तो काय करत नाही ते सांगा.” मुलाचं वाईट ऐकायची तिची तयारी होती, त्यासाठीच तर ती कामावर खाडा करून आली. तुमच्या तीन शब्दांत तिला हाताला धरायला काही सापडलं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

दोष दिसला तर तो सांगायचा, याबद्दल मनात शंका ठेवू नका. शिक्षकानं नाही सांगायचा तर कुणी? ज्याला चौथीपर्यंत कुणी चूक दाखवत नाही त्याला पाचवीत दहा जण एकदम दाखवतात, आणि तेव्हा सावरायला त्याच्याजवळ कुणी नसतं. म्हणून सांगा. फक्त सांगताना कोणता शब्द हाती घेतला आणि तो नेमका कशावर ठेवला, याचा विचार करायचा.

लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत सकाळी लिलावाला उभं राहून बघा. व्यापारी ट्रॉलीतल्या ढिगातून चार कांदे उचलतो, दाबून बघतो आणि बोलतो. ‘कांदा वाईट आहे’ एवढ्यावर तिथं कुणाचं भागत नाही. ‘जोड आहे’ (एकात दोन कांदे), ‘डेंगळे निघतायत’ (फुलाचे दांडे आलेले), ‘कोंब आलाय’, ‘काजळी धरलीय’ (काळी बुरशी) असं ते बोलणं असतं. प्रत्येक शब्दाचा भाव वेगळा आणि मागचं कारणही वेगळं. डेंगळे निघाले तर शेतकरी पुढच्या वर्षी बियाणं आणि लागवडीची वेळ बघतो. काजळी धरली तर साठवणीच्या चाळीत ओल कुठून शिरली ते शोधतो. आणि गोल्टी म्हणजे तर दोषसुद्धा नव्हे, नुसता आकार लहान. तिचा ढीग वेगळा, तिला गिऱ्हाईक वेगळं. भाव पडला की शेतकरी चिडतो, वाद घालतो, पण घरी जाऊन काय करायचं ते त्याला समजलेलं असतं. चौथीतल्या मुलाच्या आईला आपण निदान एवढं तरी हाती द्यायला हवं.

आपल्या भाषेत यासाठी शब्दांना तोटा नाही, आणि ते एकमेकांच्या जागी चालतही नाहीत. अर्जात त्रुटी निघते. ‘त्रुटींची पूर्तता करावी’ असं पत्र येतं, आपण राहिलेला कागद जोडतो आणि विषय मिटतो. त्रुटी निघाली म्हणून कुणी अर्जदाराला वाईट म्हणत नाही. उणीव भरून काढता येते. कमतरता औषधानं किंवा सरावानं दूर होते. चूक एका वेळची असते. खोड लागते आणि मोडतेही. ‘जित्याची खोड’ ही म्हण काहीही सांगो, मूल सात-आठ वर्षांचं असताना आपण ‘त्याची ही खोड मोडायला हवी’ असंच म्हणतो, म्हणजे ती मोडते हे आपल्याला ठाऊक असतं. व्यंगावर बोट ठेवू नये, हे तर आपण घरीच शिकतो. दोष मात्र जड शब्द आहे. तो असतो, तसाच तो दिला जातो, आणि एकदा का माणूस दोषी ठरला की पुढं शिक्षाच येते.

तुम्ही वर्गात जे पाहिलं त्यात काही चुका होत्या, एक उणीव होती, कदाचित एखादी खोड. कागदावर मात्र ते सगळं दोष होऊन उतरलं. मुलाला मारलं ते वडिलांनी, आणि त्याची जबाबदारी त्यांचीच. ती तुमच्या डोक्यावर घेऊन झोप घालवू नका. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रगतिपत्रक शाळेच्या फाटकापाशी थांबत नाही. ते दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या हातात पडतं, आणि ‘आळशी’ वाचल्यावर काय करावं हे त्याला त्याच्या बापानं एकाच प्रकारे शिकवलेलं असतं. ‘फळ्यावरचं निम्मं उतरवून घेतो’ हे वाचून कुणी पट्टा काढत नाही.

सरकारी कागदांतही कधीकधी हा विवेक दिसतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात. त्यांच्या तपासणीचे मुख्य भाग चार : जन्मतः असलेलं व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब. हे चार वेगळे ठेवले, कारण चारींवरचा इलाज वेगळा. टाळूला फट असेल तर शस्त्रक्रिया, रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, बोलायला उशीर होत असेल तर त्यासाठीचे व्यायाम आणि सराव. डॉक्टरनं सगळ्या मुलांपुढं ‘अशक्त’ एवढंच लिहिलं असतं तर ती तपासणी कुणाच्या कामी आली असती?

आता आपल्या रोजच्या बोलण्याकडं या, कारण लिहिण्यातली सवय तिथून येते. आपल्या हातून कप पडला की आपण म्हणतो, “अगं, कप फुटला.” तोच कप सुनेच्या किंवा मोलकरणीच्या हातून पडला की, “तिनं कप फोडला.” आपला गृहपाठ राहून जातो, मूल मात्र तो करत नाही. आपल्याला उशीर होतो, दुसरा उशीर करतो. क्रियापद एवढंसं बदलतं आणि तेवढ्यात घडलेली गोष्ट केलेली होते. जोन्स आणि निस्बेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हेच मांडलं होतं : स्वतःच्या वागण्याचं कारण माणूस परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचं त्याच्या स्वभावात. पुढं २००६ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हा फरक सरसकट तेवढा मोठा निघाला नाही, पण वाईट घडलेल्या गोष्टींच्या बाबतीत तो टिकून राहिला. म्हणजे नेमकी जिथं दोष देण्याची वेळ येते तिथंच आपला काटा झुकतो. सासूबाईंकडूनही हेच झालं. त्यांच्या हातून दूध उतू गेलं असतं तर ते ‘गेलं’ असतं. तुमच्या हातून गेलं, आणि तुम्ही वेंधळ्या झालात.

वागण्यावरून नाव पडलं की काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. गेल्मन आणि हेमन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना एका गाजरं खाणाऱ्या मुलीबद्दल सांगितलं. काहींना सांगितलं, ही मिळेल तेव्हा गाजर खाते. काहींना सांगितलं, ही गाजरखाऊ आहे. ज्यांनी ‘गाजरखाऊ’ ऐकलं त्या मुलांना वाटलं, ही मोठेपणीही गाजरं खाणार, कुणी अडवलं तरी खाणार. एवढ्याशा मुलांना शब्दातली ती पक्की गाठ कळते. आपल्याकडं अशा गाठी मारायची सोय फार. काल रडला तो आज रड्या होतो, दोनदा चिडला की चिडका, एकदा चहाडी केली की चहाडखोर. वर्गात एकानं म्हटलं की तीस जण म्हणतात, आणि मग ते मूलही तसंच वागायला लागतं, कारण त्याच्याकडून दुसरी अपेक्षाच उरलेली नसते.

आता तुमचे तीन शब्द घेऊ.

‘आळशी’. या शब्दाची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो लिहिला की शोध थांबतो. आळशी म्हटल्यावर पुढं विचारायचं काय राहिलं? आणि तुम्ही तर पत्रातच खूण दिलीय : तोंडी पटापट सांगतो, लिहायला कच्चा. खरा आळशी मुलगा तोंडी तरी कशाला सांगेल? अशा मुलाची आधी नजर तपासायला सांगा. फळा धूसर दिसणारी मुलं तसं बोलून दाखवत नाहीत. सगळ्यांना असंच दिसत असेल, असं त्यांना वाटतं. तो कोणत्या बाकावर बसतो? पुस्तकातून उतरवताना आणि फळ्यावरून उतरवताना फरक पडतो का? पेन्सिल कशी धरतो, चार ओळींनंतर हात दुखतो म्हणतो का? ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळतो का? वाचताना ओळ सुटते का? रात्री किती वाजता झोपतो? आईची कामाची पाळी बदलली की मुलाची झोप बदलते, हे अंबड-सातपूरच्या कारखान्यांभोवतालच्या कुठल्याही शाळेला ठाऊक असतं.

नजर ठीक निघाली, झोप ठीक, तरी लिखाण तसंच राहिलं तर अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारा अडथळा, असू शकते. असेलच असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही त्याच्या आईला तसं सांगू नका. ते तज्ज्ञानं तपासून सांगायचं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. तसं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. समावेशित शिक्षणासाठी नेमलेले विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावता येतं. वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘लक्ष नाही’, ‘निष्काळजी’ असे शेरे मिळालेली किती मुलं खरं तर अक्षरांशी झगडत होती, याचा विचार आला की मला फार वाईट वाटतं. त्यांनी मार खाल्ला, शाळा सोडली, आणि आयुष्यभर स्वतःला ढ समजत राहिली.

‘हट्टी’. इथं थोडं थांबा आणि आजूबाजूचे शब्द बघा : ठाम, निश्चयी, चिवट, हट्टी, हेकट, हेकेखोर, दुराग्रही. आउट झाल्यावरही बॅट सोडत नाही तो हट्टी, आणि गणित सुटेपर्यंत जागचा उठत नाही तो चिवट. पुष्कळदा तो एकच मुलगा असतो. काटकसरी आणि चिकट, स्पष्टवक्ता आणि फटकळ, भोळा आणि बावळट, मितभाषी आणि घुमा, या जोड्यांतही तसंच. कोणता शब्द निवडायचा हे समोरच्याच्या वागण्याइतकंच आपल्या मनातल्या गोडी-अढीवर ठरतं. म्हणून हट्ट कधी आणि कशावर केला, ते लिहा. गटात तो दुसऱ्यांना बोलू देत नसेल तर तेवढंच लिहा. उरलेल्या वेळी तो हट्ट करत नाही, हेही त्या वाक्यातून आपोआप कळतं.

‘भाषा अशुद्ध’. हा शब्द खोडून टाका. यात बदल करून भागणार नाही. सिडको वसली तेव्हापासून कसमादे पट्ट्यातली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खानदेशातली किती घरं तिथं आली! त्यांच्या स्वयंपाकघरात अहिराणी बोलली जाते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मुलांच्या घरी आणखी वेगळ्या बोली. अहिराणी ही बिघडलेली मराठी नाही. तिचं व्याकरण तिचं आहे, तिच्यात ओव्या आहेत, म्हणी आहेत, गोष्टी आहेत. त्या मुलाला एक भाषा येते आणि दुसरी शिकायची आहे. यात दोष कुठला? त्याची आजी जे बोलते, जात्यावर जे गायली, त्याला आपण शाळेच्या शिक्क्यानिशी अशुद्ध ठरवतो तेव्हा मूल दोन गोष्टी शिकतं : वर्गात गप्प बसायचं, आणि घरच्यांची लाज वाटून घ्यायची. तुमचा हेतू तसा नव्हता, हे मला पुरेपूर माहीत आहे. शिक्षकांच्या कित्येक पिढ्या हा शब्द सवयीनं लिहीत आल्या. तो तुमच्यापाशी थांबू द्या. एखाद्या दिवशी त्याला वर्गात अहिराणीत गोष्ट सांगायला लावा, आणि मुलांना मराठीत अर्थ ओळखायला सांगा. बघा तो कसा खुलतो.

तुमच्या शाळेतल्या मॅडमांचा सल्ला मला पटत नाही, तेही सांगते. ‘सुधारणेस वाव आहे’ लिहिल्यानं कुणी मार खाणार नाही, खरं आहे. पण त्या आईला पुन्हा काहीच कळणार नाही. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फोनवर फिरतात, त्यातली चार वाक्यं उचलून चाळीस मुलांना वाटून टाकायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं त्यांच्याच माथी येतं, हेही मान्य. तरीही २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा गुणांच्या जोडीला शब्द आले ते याच कारणासाठी, की चाळीसांतलं हे एक मूल कसं शिकतं ते कुणीतरी पाहून लिहावं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे, आणि मूल भयमुक्त असावं हे त्याच कायद्यात मूल्यमापनाच्या शेजारीच लिहिलेलं आहे. कठोर शब्द आणि पोकळ शब्द, दोन्हीत मूल नीट पाहिलं जात नाही.

तर त्याची नोंद मी अशी लिहीन : ‘तोंडी उत्तरं लगेच व अचूक देतो. फळ्यावरचा मजकूर उतरवताना निम्मा राहतो. पहिल्या बाकावर बसवून महिनाभर पाहत आहे, नजर तपासून घ्यावी. गटात इतरांना बोलायची संधी देत नाही. आळीपाळीनं बोलण्याचा सराव घेत आहे. घरी अहिराणी बोलतो. प्रमाण मराठीत लिहिताना क्रियापदं चुकतात, रोज पाच वाक्यं लिहून घ्यावीत.’ यात एकही दोष लपवलेला नाही. उलट तुमच्या तीन शब्दांपेक्षा यात दोष जास्त आहेत. पण प्रत्येकाला सोमवारी सकाळी काय करायचं ते ठरलेलं आहे.

आता तुमच्या घरचं. जुन्या बायका दोष सांगायच्या ते शब्द आठवून बघा. ‘नाकावर राग आहे तिच्या.’ ‘हात सैल आहे.’ ‘हलक्या कानाचा.’ ‘पोटात काही राहत नाही.’ ‘पायाला भिंगरी लागलीय.’ ‘जिभेला हाड नाही.’ यांत दोष एका अवयवावर बसलेला असतो आणि बाकीचं माणूस शाबूत राहतं. राग नाकावर, मन चांगलं. हात सैल, पण माया तेवढीच. हे शब्द लागायचे, नाही असं नाही, पण त्यांतून बाहेर यायला वाट असायची. ‘वेंधळी’ हा शब्द मात्र माणसाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळतो. दूध एकदा उतू गेलं आणि किल्ली एकदा आत राहिली, एवढ्यावर तो चढवणं अन्यायाचं आहे. शाळा, घर, वह्या, डबे हे सगळं सांभाळणारी बाई वेंधळी कशी असेल?

किती मनावर घ्यायचं, असं विचारलंत. मी तीन गोष्टी बघते. बोलणारा एकांतातही हे सांगतो की फक्त चारचौघांत? काय चुकलं ते सांगतो की नुसतं नाव ठेवतो? आणि आपण सुधारलो तर ते त्याच्या लक्षात येतं का? तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर शब्द कडू असला तरी ऐकावा, आपल्याच हिताचा असतो. सासूबाईंचं पहिल्याच प्रश्नाला अडतं. त्या हे पाहुण्यांपुढं बोलतात, कारण त्यावर हसू मिळतं. त्यात त्यांचा राग नसेलही, कौतुकसुद्धा असेल. तरी लागतं ते लागतंच, आणि ते सांगायला हवं.

पाहुण्यांसमोर उत्तर देऊ नका. त्यांची उणीदुणी मोजायलाही बसू नका. तुम्ही एक काढाल, त्या चार काढतील, आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. निवांत दुपारी, भाजी निवडताना वगैरे, सरळ म्हणा : “आई, दूध उतू गेलं ते माझं चुकलंच, आता मी घड्याळ लावून ठेवते. पण लोकांसमोर वेंधळी म्हणता ते मला फार लागतं. काही राहिलं तर मला एकटीला सांगा, मी ऐकीन.” आवाज चढवू नका आणि रडू आलं तर आवरूही नका. तुमच्या मिस्टरांनाही विश्वासात घ्या. पुढच्या वेळी आई सुरू झाल्या की “अगं, परवा माझीच किल्ली आत राहिली होती” एवढं ते म्हणाले तरी पुरे. हे लेकानं म्हटलेलं वेगळं पडतं.

एक गोष्ट ओघात सांगून टाकते. तीच गोष्ट जावयानं केली तर तो बाणेदार आणि सुनेनं केली तर ती तोंडाळ, हे आपल्या घरांतून अजून गेलेलं नाही. आगाऊ, चोंबडी, फटकळ, उलट बोलणारी, हे शब्द बाईला फार लवकर चिकटतात. तुमच्या वर्गातल्या मुलींच्या नोंदी एकदा या नजरेनं वाचा. मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा ‘जिज्ञासू’ आणि मुलगी विचारते तेव्हा ‘बडबडी’ असं कुठं झालंय का?

आणि तुमच्या घरी तसं नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीच्या घरी असेल म्हणून : मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे, अपमान, नावं ठेवणं, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाचारच धरलेलं आहे. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द कुणाचा दोष सांगत नाही. तो छळ आहे, आणि तो सोसत बसायचं कारण नाही. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे.

त्या आईला परत बोलवा. तिची कामाची पाळी विचारून वेळ ठरवा, म्हणजे दुसरा खाडा पडणार नाही. जमलं तर वडिलांनाही बोलवा. मुख्याध्यापकांना आधी सांगून नोंदवहीतली नोंद दुरुस्त करून घ्या आणि नवं प्रगतिपत्रक द्या. खाडाखोड नको, स्वच्छ नवा कागद. वडील आले तर आधी मुलाचं तोंडी काम त्यांच्यासमोर घ्या, दोन पाढे, एक गोष्ट. मग वही दाखवा, आणि कुठं अडतं ते बोटानं दाखवून सांगा. मारल्यानं लिखाण सुधारत नाही, भीतीनं हात आणखी अडखळतो, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, पण मुलासमोर नको. बापाचाही अपमान व्हायला नको. मुलाला मात्र तुम्ही स्वतः सांगा, वर्ग सुटल्यावर, की ते शब्द बाईंनी बदललेत, आणि का बदललेत. चौथीतल्या मुलाला ते नीट समजतं.

तुमची,
सल्ला सदराची ताई